उंबरठ्याच्या आतला धूर

सीबीडी बेलापूरहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. पत्र साधंच आहे, पण असंच काहीसं मनात घेऊन गप्प बसणाऱ्या तुमच्यात पुष्कळजणी असतील, म्हणून आजची सगळी जागा त्याच पत्राला देत आहे. त्या लिहितात : ‘‘ह्यांचं ऑफिस घरापासून चालत दहा मिनिटांवर. ऑफिसात ओढता येत नाही म्हणून खाली टपरीवर दोन-तीन होतात आणि घरी आल्यावर तीन-चार. ओढतात ते गॅलरीत उभे राहून, घरात नाही. मी काही बोलले की म्हणतात, ‘दिवसाला सहा-सात म्हणजे काही व्यसन नव्हे. सगळेच पुरुष ओढतात.’ सासूबाई म्हणतात, ‘चालायचंच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.’ धाकट्याला सारखा खोकला होतो. मी उगाच भुणभुण करते का?’’ आणि खाली ता. क. आहे : ‘‘सासूबाई सकाळी मिशरी लावतात. त्याला काही धूर नसतो, तेव्हा ते चालत असेल ना?’’

भुणभुण नव्हे, हे आधीच सांगून टाकते. पण नुसतं ‘तुमचं बरोबर आहे’ एवढ्याने घरात काही हलत नाही. तेव्हा पत्रातली एकेक गोष्ट हाती घेऊ या.

बेलापूर म्हणजे कचेऱ्यांचं गाव. कोकण भवन, सिडको भवन, महापालिकेचं मुख्यालय आणि भोवती खासगी ऑफिसांच्या इमारतीच इमारती. सकाळी अकराच्या आणि दुपारी चारच्या सुमाराला या इमारतींच्या खालून चालत गेलात तर चहाच्या टपरीशी माणसांचे पुंजके दिसतील. एका हातात चहा, दुसऱ्या हातात सिगारेट. ही माणसं खाली का उतरतात? वर बसून ओढायला कायद्याने बंदी आहे म्हणून. ही बंदी आपोआप आलेली नाही. मुंबईचे पुढारी मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सांगितलं की, जो स्वतः ओढत नाही त्याला दुसऱ्याचा धूर गिळायला लावणं योग्य नाही. २००३ साली संसदेने कायदा केला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून कचेऱ्या, रेल्वे स्टेशनं, दवाखाने, सिनेमागृहं अशा सगळ्या सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई झाली. मोडणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड.

आता यातली गंमत बघा. कोकण भवनात टेबलाशी बसणाऱ्या कारकून बाईला शेजारच्या साहेबाच्या धुरापासून कायद्याचं संरक्षण आहे. तीच बाई संध्याकाळी घरी आली, पदर खोचून ओट्याशी उभी राहिली, की तिचं संरक्षण संपलं. कायदा उंबरठ्यापाशी थांबतो. सरकारी पाहणीत २०१६-१७ साली आढळलं की, आपल्या देशात शंभरातली जवळजवळ ३९ प्रौढ माणसं घरातल्या घरात दुसऱ्याच्या धुराच्या तावडीत सापडतात. ऑफिसात, बंद जागेत काम करणाऱ्यांत हेच प्रमाण तीसच्या आसपास आहे. म्हणजे घर हे ऑफिसापेक्षा जास्त धुराचं ठिकाण झालं आहे! आजच्या लेखात मला सांगायचंय ते एवढंच, की उंबरठ्याच्या आत कायदा येत नाही, तर तिथला नियम आपणच करायचा.

‘‘सगळेच पुरुष ओढतात’’

हे वाक्य कितीजणींनी ऐकलं असेल! आणि आपल्याला आकडे ठाऊक नसतात म्हणून आपण गप्प बसतो. तर आकडे हे घ्या. त्याच २०१६-१७ च्या पाहणीत, पंधरा वर्षांवरच्या माणसांना घरोघर जाऊन विचारलं गेलं. सबंध देशात शंभरातली अकरा माणसं विडी किंवा सिगारेट ओढणारी निघाली. विडीवाले सिगारेटवाल्यांपेक्षा जास्त. आणि आपल्या महाराष्ट्रात? शंभरात चारही नाहीत, ३.८! नुसत्या पुरुषांचं पाहिलं तर शंभरात सहा. म्हणजे महाराष्ट्रातले शंभरातले चौऱ्याण्णव पुरुष ओढत नाहीत. टपरीशी जे उभे असतात ते आपल्याला दिसतात. वर टेबलाशी काम करत बसलेले दिसत नाहीत, म्हणून ‘सगळेच’ वाटतात. तेव्हा ‘सगळेच ओढतात’ असं पुन्हा कानावर आलं की हसून सांगायचं, ‘‘अहो, शंभरातले सहा. तुम्ही चौऱ्याण्णवांत या की!’’

पण या आकड्याने फार हुरळून जायला नको. धूर कमी असला तरी तंबाखू कमी नाही. तंबाखू, खैनी, मिशरी हे सगळं धरलं तर महाराष्ट्रातली शंभरातली २६-२७ माणसं तंबाखूच्या नादाची आहेत. २००९-१० साली ती ३१ होती, म्हणजे उतार आहे, पण अजून दर चौघांत एक. त्यांत बायका किती? शंभरात सतरा. हा आकडा मनात ठेवा, ता. क.चं उत्तर देताना तो लागेल.

‘‘दिवसाला सहा-सातच’’

आता नुकसानाचं. सिगारेट वाईट हे पाकिटावरच छापलेलं असतं. २०१६ पासून तर पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्र आणि इशारा यांनीच भरलेला असतो. पण रोज बघून नजर मरते. म्हणून चित्र बाजूला ठेवून हिशेब सांगते. संसारी बाईला हिशेबाची भाषा लवकर कळते.

विलायतेत रिचर्ड डॉल नावाचे संशोधक होते. १९५० साली त्यांनी आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी दाखवून दिलं की फुप्फुसाच्या कॅन्सरचा सिगारेटशी घट्ट संबंध आहे. मग १९५१ साली त्यांनी चौतीस हजारांहून अधिक डॉक्टरांना पत्रं पाठवून त्यांच्या सवयी टिपून घेतल्या आणि पुढे पन्नास वर्षं कोण जगलं, कोण गेलं, याची नोंद ठेवली. डॉक्टरच निवडले हे महत्त्वाचं, कारण त्यांना ना खाण्यापिण्याची ददात, ना औषधपाण्याची. २००४ साली हिशेब पुरा झाला : जो सिगारेट ओढत राहतो, त्याच्या आयुष्याची सरासरी दहा वर्षं कमी होतात.

‘तो गोऱ्या लोकांचा हिशेब’ असं कुणी म्हणेल, तर आपलाही आहे. आपल्या देशात ज्या घरांत मृत्यू झाला होता अशा घरी जाऊन, गेलेला माणूस ओढत होता का, कशाने गेला, हे विचारून एक मोठी पाहणी झाली. अकरा लाख घरांमधून गोळा केलेली ती माहिती २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यात निघालं की सिगारेट ओढणारा पुरुष सुमारे दहा वर्षं गमावतो, विडी ओढणारा सुमारे सहा, आणि ओढणारी बाई आठ. सालाला दहा लाख माणसं देशात धूम्रपानाने जातील असा अंदाज त्या वेळी मांडला गेला. पण माझ्या काळजात रुतला तो दुसराच आकडा : या दहातले सात मृत्यू तीस ते एकोणसत्तर या वयातले. म्हणजे नातवंडं खेळवून, तृप्त होऊन गेलेले हे म्हातारे नव्हेत. घराचे हप्ते चालू आहेत, मुलगी कॉलेजात आहे, सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचंय, अशा वेळी गेलेली ही माणसं. आणि मागे राहिली कोण, ते तुम्हां-आम्हांला सांगायला नको.

सिगारेट म्हटलं की आपल्याला कॅन्सरच तेवढा आठवतो. बेलापूरकरांना तर आठवणारच. पनवेलकडे जाताना पुढचंच स्टेशन खारघर, आणि तिथे टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन आणि उपचार केंद्र २००२ पासून उभं आहे. परळचं मूळ इस्पितळ १९४१ सालचं. पण धुराचा पहिला वार बहुतेक वेळा हृदयावर असतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते. क्षयाचंही तसंच. आपल्याकडे क्षयाने मरणाऱ्या पुरुषांतले जवळजवळ निम्मे मृत्यू धूम्रपानामुळे होतात, असं तमिळनाडूतल्या एका मोठ्या अभ्यासातून २००३ साली पुढे आलं.

आणि ‘सहा-सातच’चं काय? साखर अर्धी घातली तर चहा अर्धा गोड होतो. सिगारेटचं गणित असं सरळ नाही. दिवसाला वीस ओढणाऱ्याच्या हृदयाला जेवढा जादा धोका, त्याच्या निम्म्याच्या आसपास धोका दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही असतो, असं २०१८ साली अनेक देशांचे अभ्यास एकत्र मांडल्यावर दिसलं. म्हणजे विसावरून एकावर आलं तरी धोका विसाव्या भागावर येत नाही. कमी करणं ही पायरी चांगली, पण मुक्काम नव्हे. ‘लाइट’ म्हणवणाऱ्या सिगारेटींचीही तीच गत. माणूस खोल झुरका घेतो आणि भरपाई करून टाकतो. विडीला ‘पानातली, देशी’ म्हणून कुणी गरीब समजू नये. मुंबईत दीड लाखाच्या आसपास माणसांची नावं टिपून वर्षानुवर्षं माग घेतला, तेव्हा विडीवाल्यांचे मृत्यू सिगारेटवाल्यांपेक्षाही जास्त भरले.

‘‘गॅलरीत ओढतात, घरात नाही’’

गॅलरी ही आपल्या सिडकोच्या घरांत हॉलचीच एक बाजू. मधला दरवाजा कडी लावून बंद करतं कोण? वारा खाडीकडून आला की गॅलरीतला धूर पडद्यातून सरळ आत. वर पंखा गरगरत असतो, तो धूर घालवत नाही, सारखा पसरतो. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावला, उदबत्ती लावली, खोलीत सुवासिक फवारा मारला, तर वास झाकला जातो. विष तिथेच राहतं. शिवाय शर्टाला, उशीच्या अभ्र्याला, सोफ्याच्या कापडाला जो वास चिकटतो, तो नुसता वास नसतो, धुरातलेच कण असतात. तान्हं बाळ त्याच शर्टाच्या खांद्यावर मान टाकतं.

दुसऱ्याच्या धुराने काय होतं, हे जगाला पहिल्यांदा ठासून सांगितलं ते बायकांनीच, पण स्वतःच्या जिवाची किंमत देऊन. जपानमध्ये ताकेशी हिरायामा नावाच्या डॉक्टरांनी स्वतः कधीच न ओढणाऱ्या, चाळिशीच्या पुढच्या एक्क्याण्णव हजारांहून अधिक विवाहित बायकांचा चौदा वर्षं माग ठेवला. १९८१ साली त्यांनी जाहीर केलं, की ज्यांचे नवरे भरपूर सिगारेट ओढत होते, त्या बायकांत फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या बायकांच्या जवळजवळ दुप्पट होतं. या बायकांनी आयुष्यात सिगारेट हातात धरली नव्हती. त्यांनी फक्त संसार केला होता.

पत्रातल्या धाकट्याच्या खोकल्याबद्दल : लहान मुलांच्या श्वासनळ्या अरुंद असतात आणि ती मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात. ओढणाऱ्यांच्या घरातल्या मुलांना खोकला, छातीचे विकार, कानाचं दुखणं जास्त होतं. दमा असला तर तो उसळतो. याचा अर्थ प्रत्येक खोकला धुराचाच असा नव्हे. बाळाला डॉक्टरांकडे न्यायचंच, पण नेताना ‘घरात सिगारेट ओढली जाते’ हे न लपवता सांगायचं. कित्येकजणी संकोचाने सांगत नाहीत आणि डॉक्टर बिचारे नुसती बाटली बदलत राहतात. घरात कुणी गरोदर असेल तर मग एक दिवसही थांबायला नको. आईच्या नाकात गेलेला धूर पोटातल्या जिवापर्यंत पोचतो आणि बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो.

मिशरीचा डबा

आता ता. क. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटून पूड करायची आणि बोटाने हिरड्यांना चोळायची. आपल्या आज्यांपासून चालत आलेली ही मिशरी. धूर नाही हे खरं, पण तंबाखू ती तंबाखूच. हिरड्यांमधून निकोटीन रक्तात जातं, म्हणून तर सकाळी मिशरी मिळाली नाही की ‘डोकं चढतं’ आणि ‘पोट साफ होत नाही’. ती दातांची गरज नसते, सवयीची हाक असते. तोंडाच्या कॅन्सरचा धोका धूर नसलेल्या तंबाखूनेही वाढतो. २००४ साली मुंबईतल्या गरोदर बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मिशरीसारखी तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी शंभर ग्रॅमहून जास्त हलकी निघाली, आणि त्यांचे दिवस भरायच्या आत प्रसूत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या सरकारने १९९२ सालीच बंदी केली आहे.

तेव्हा वर सांगितलेल्या शंभरातल्या सतरा बायकांत आपल्या घरातली एखादी असेल, तर नियम तिलाही लागू. मुलाची सिगारेट आणि आईची मिशरी एकाच दिवशी सुटली तर घरात कुणी कुणाला बोलायला जागाच उरणार नाही! सासूबाईंना मात्र फर्मान सोडू नका. ‘‘आई, तुम्ही सोडलीत तर हे सोडतील, तुमचा शब्द ते मोडत नाहीत,’’ असं म्हणून बघा. मोठ्या माणसाला मान देऊन मागितलं की बहुधा मिळतं.

बोलायचं कसं

पहिली गोष्ट, वेळ. ऑफिसातून दमून आल्यावर, सिगारेट पेटवलेली असताना, किंवा चारचौघांत, नणंद-भावजयींसमोर हा विषय काढू नका. पुरुषाचा मान दुखावला की तो हट्टाने आणखी एक पेटवतो. रविवारी सकाळी, पोटात पोहे आणि हातात पेपर असताना बोला. दुसरी गोष्ट, मागणी एकच आणि ठोस करा. ‘सिगारेट सोडा’ ही मोठी मागणी झाली. ‘घराच्या दाराच्या आत, गॅलरी धरून, आजपासून कुणी ओढायची नाही’ ही छोटी आणि आजच पाळता येण्याजोगी. हिच्यात मुलांचं भलं तर आहेच, पण आणखी एक फायदा आहे : ज्या घरात असा नियम असतो, तिथला माणूस ओढतो कमी आणि सोडतो लवकर. दर सिगारेटला चार मजले उतरून खाली जायचं, म्हणजे निम्म्या वेळा कंटाळाच येतो!

तिसरी गोष्ट, पैसे. समजा, एक सिगारेट पंधरा रुपयांना पडते आणि दिवसाला सात होतात. दिवसाचे एकशे पाच, महिन्याचे तीन हजार दीडशे, वर्षाचे अडतीस हजार तीनशे पंचवीस. रागाने नव्हे, नुसतं कागदावर मांडून दाखवा. थेंबे थेंबे तळे साचे, तसं ते थेंबे थेंबे आटतंही.

चौथी, आणि ही फार महत्त्वाची : मुलाला कधीही ‘जा रे, खालून एक घेऊन ये’ म्हणून पाठवू देऊ नका. अठराच्या आतल्या मुलाला सिगारेट विकणं गुन्हा आहे, आणि सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे. पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट ही, की जे मूल बापासाठी सिगारेट आणतं, ते एक दिवस स्वतःसाठी आणतं.

सोडायचं ठरलं तर

एक तारीख ठरवा, आठवड्या-दोन आठवड्यांच्या आतली. आदल्या रात्री राखपात्रं, लायटर, कोटाच्या खिशात विसरलेली पाकिटं, सगळं घराबाहेर. पडदे, अभ्रे, चादरी धुऊन टाका. स्वच्छ घराचा वास हीसुद्धा एक आठवण असते.

सुटताना त्रास होतो, हे आधीच समजून असा. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत कठीण. चिडचिड, झोप न लागणं, डोकं जड होणं, सारखी भूक. दोन-चार आठवड्यांत हे ओसरतं. त्या दिवसांत भाजीत मीठ जास्त झालं म्हणून आरडाओरडा झाला तर तो तुमच्यावर नव्हे, निकोटीनवर आहे असं समजून सोडून द्या. हुक्की येते ती काही मिनिटांची असते. तेवढा वेळ टाळायचा. बडीशेप, लवंग, वेलची, भाजलेले चणे डबीत घालून खिशात द्या. पाणी प्यायला सांगा. चहा आणि सिगारेट यांची जोडी असेल तर महिनाभर चहाची जागा, वेळ बदला. गॅलरीऐवजी स्वयंपाकघरात, तुमच्यासमोर. बेलापूरसारख्या ठिकाणी जेवणानंतर पारसिकच्या डोंगराच्या बाजूला एक चक्कर मारायला काय हरकत आहे? तेवढाच तुमचाही पाय मोकळा होईल.

एकट्याने जमत नसेल तर मदत घ्यायला लाजू नये. १८००-११-२३५६ हा सरकारचा फोन नंबर आहे, फुकट लागतो. २०१८ पासून तो सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, पण वाचतं कोण? तिथे बोलणारी माणसं तारीख ठरवण्यापासून धीर देण्यापर्यंत सगळं करतात. तंबाखू आणि मिशरीवाल्यांनाही तोच नंबर. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनचं गम मिळतं. ते च्युइंगगमसारखं सतत चघळायचं नसतं. थोडं चावायचं, तिखटसर चव आली की गालात धरून ठेवायचं. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं थांबून घ्यायचं. औषधाच्या गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांनीच द्यायच्या. आणि कुणी ‘त्यापेक्षा ई-सिगारेट बरी’ म्हणाला, तर २०१९ पासून आपल्या देशात तिच्या विक्रीवर बंदी आहे हे लक्षात असू द्या.

मध्येच एखादी ओढली गेली तर ‘झालं! मला ठाऊकच होतं’ असं म्हणू नका. पोळी करपली म्हणून कुणी तवा टाकून देत नाही. बहुतेकांची सिगारेट पहिल्या फेरीत सुटत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सुटते.

आणि मैत्रिणींनो, एक मनातलं सांगते. तुम्ही सगळं केलंत आणि तरी सुटली नाही, तर तो तुमचा पराभव मानू नका. ‘बायकोने मनावर घेतलं असतं तर’ असं म्हणणारी माणसं भेटतील. सिगारेट तुम्ही पेटवलेली नाही. सोडायची आहे ती त्यांनीच. तुमच्या हातात आहे तो घरातल्या हवेचा नियम, आणि तो मात्र सोडायचा नाही.

जित्याची खोड

राहिली सासूबाईंची म्हण. त्या विलायती डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या हिशेबात या म्हणीचंही उत्तर आहे. ज्यांनी तिशीत सोडली, त्यांना गमावलेली जवळजवळ सगळी दहा वर्षं परत मिळाली. चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ, पन्नाशीत सहा, साठीतही तीन. शरीर किती क्षमाशील आहे बघा : शेवटच्या सिगारेटनंतर वीस मिनिटांत नाडीचे ठोके खाली येऊ लागतात, बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो, आणि एका वर्षात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. साठीला तीन वर्षं म्हणजे एखादं नातवंड बालवाडीत जाताना बघणं. म्हण करणाऱ्यांना हे आकडे ठाऊक नव्हते. ही खोड जितेपणीच जाते, आणि गेली तर माणूस आणखी जगतो.

तेव्हा या रविवारी घरातल्या सगळ्यांना बसवून नियम करून टाका : दाराच्या आत धूर नाही. नियम घरधन्याला, तसाच पाहुण्यांना, भावोजींना आणि मामांनाही. पाहुण्याने खिशात हात घातला की तोंड वाईट न करता म्हणायचं, ‘‘आमच्याकडे आत कुणी ओढत नाही हं. खाली जाऊन या, तोवर मी चहा टाकते.’’ पहिल्यांदा जीभ अडखळेल. तिसऱ्यांदा सवय होईल. पाहुणा रागावलाच, तर त्याचा राग चहाबरोबर उतरतो. बाळाच्या छातीत गेलेला धूर तसा उतरत नाही.